ब्राफ पॉझिटिव्ह आलंय, थोडी गाठ राहिलीय: पुन्हा ऑपरेशन करायचं का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाईंच्या मिस्टरांचं (वय ४३) दोन महिन्यांपूर्वी पिट्यूटरीच्या (मेंदूच्या तळाची हार्मोन ग्रंथी) वरच्या गाठीचं ऑपरेशन झालं, नाकातून, दुर्बिणीनं. डोळ्यांच्या नसांवरचा दाब गेला, दिसायला लागलं. पण हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाला चिकटलेला एक तुकडा सर्जननं ठेवला. बायोप्सीत ‘पॅपिलरी क्रॅनिओफॅरिंजिओमा, ब्राफ व्ही६००ई पॉझिटिव्ह’ असं आलं. सेकंड ओपिनियनला गेल्यावर एकांनी सांगितलं, ऑपरेशन अर्धवट झालंय, पुन्हा उघडून सगळं काढा. दुसऱ्यांनी रेडिएशन सुचवलं, तिसऱ्यांनी गोळ्या. बाई विचारतात: हा मार्कर (गाठीच्या जनुकातली ओळखीची खूण) नेमकं काय सांगतो? आणि आधीचं ऑपरेशन यशस्वी म्हणायचं की नाही?

मी कवटीच्या तळाच्या गाठींची ऑपरेशनं करणारा न्यूरोसर्जन आहे. एमआरआय स्वतः बघितल्याशिवाय कुणाचा उपचार ठरवू नये, मीही ठरवत नाही. पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझं मत विचारलंत तर सांगतो: पुन्हा ऑपरेशनची घाई नको. तो तुकडा तुमच्या सर्जननं समजून-उमजून ठेवलेला दिसतो, आणि ब्राफचा रिपोर्ट आल्यावर तर त्यांचा निर्णय जास्तच योग्य ठरतो.

‘अर्धवट’ हा शब्द या गाठीला लावण्याआधी तिची जागा समजून घ्या. पिट्यूटरी ग्रंथी नाकाच्या मागे, कवटीच्या तळाच्या एका खळग्यात बसलेली असते. तिचा देठ वर जातो. देठाच्या पुढे आणि वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात, आणि देठ जिथे जाऊन मिळतो तो हायपोथॅलॅमस. भूक, तहान, झोप, शरीराचं तापमान, पिट्यूटरीला जाणारे हुकूम, सगळा कारभार तिथून चालतो. क्रॅनिओफॅरिंजिओमा वाढतो तो बहुतेक वेळा याच देठाच्या वाटेवर. व्हिएन्नाच्या याकोब एर्डहाइम यांनी १९०४ मध्ये या गाठींचं सविस्तर वर्णन केलं. आजचं नाव रूढ झालं ते १९३०च्या दशकात, अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वी कुशिंग यांच्यामुळे. हा कॅन्सर नाही, ग्रेड १ची संथ गाठ आहे. तरी आमची झोप उडवणाऱ्या गाठींत तिचा नंबर बराच वरचा.

बरीच वर्षं या गाठीबाबत एकच ध्येय होतं: पहिल्याच वेळी पूर्ण काढा. झुरिचच्या गाझी याशारगिल यांनी १९९० मध्ये १४४ रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली, आणि पूर्ण काढणं हाच आदर्श झाला. माझ्या शिक्षकांची पिढी त्यावरच वाढली. त्यात तथ्य होतंच. नुसता तुकडा ठेवून पुढे काहीच केलं नाही, तर निम्म्याहून जास्त रुग्णांत गाठ पुन्हा वाढते.

मात्र हेच रुग्ण पुढे दहा-दहा वर्षं बघितले गेले तेव्हा दुसरी बाजू दिसली. एमआरआय स्वच्छ, नजर चांगली, आणि घरचे सांगतात की हे पूर्वीचे राहिले नाहीत. वजन काही केल्या थांबत नाही. भर दुपारी जेवता जेवता झोप. चिडचिड, विसराळूपणा. सगळ्यात वाईट अवस्था ज्यांची तहानच गेली त्यांची. एरवी डायबेटिस इन्सिपिडस झालेला माणूस लघवीतून पाणी गेलं की तहान लागून पाणी पितो, आणि स्वतःला सांभाळतो. (याला आता व्हॅसोप्रेसिनची कमतरता असंही म्हणतात. साखरेच्या डायबेटिसशी त्याचा संबंध नाही.) तहानेचं केंद्र दुखावलं की रक्तातलं सोडियम १६० या धोक्याच्या पातळीला गेलं तरी त्याला पाणी मागावंसं वाटत नाही. अशा रुग्णाला आम्ही रोज सकाळी काट्यावर उभं करतो, वजन किती उतरलं ते बघतो आणि त्यावरून त्या दिवशीचं पाणी ठरवून देतो. हे आयुष्यभर. या माणसाचं ऑपरेशन यशस्वी झालं असं मी तरी म्हणणार नाही, मग फिल्म कितीही स्वच्छ असो.

म्हणून २००७ मध्ये पॅरिसच्या नेकेर हॉस्पिटलमधल्या पुजे आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी एक साधी प्रतवारी मांडली. हायपोथॅलॅमसला गाठ शिवलेली नाही तर ० ग्रेड, नुसता ढकललाय तर १, आणि गाठीत तो ओळखूच येत नसेल तर २. ग्रेड २ असेल तर तो भाग ठेवून द्यायचा आणि पुढचं काम रेडिएशननं करायचं. पद्धत लहान मुलांवरून ठरली, पण मोठ्यांच्या ऑपरेशनआधीही आम्ही हाच विचार करतो. तुमच्या मिस्टरांच्या पहिल्या एमआरआयमध्ये हायपोथॅलॅमस कसा होता हे सर्जनना नक्की विचारा. ‘किती टक्के काढली’ यापेक्षा या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं आहे.

ऑपरेशनच्या टेबलावर हे कसं दिसतं तेही सांगतो. खालून, नाकाच्या वाटेनं गेलं की पिट्यूटरीचा देठ समोर येतो. त्याच्यावर उभ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या रेघा असतात, त्या रेघांवरून तो ओळखायचा. बाजूनं अगदी केसाएवढ्या धमन्या डोळ्यांच्या नसांकडे जातात. त्यातली एक गेली तर नजर जाऊ शकते, म्हणून त्यांना हात लावायचा नाही. गाठ आतून पोखरून हलकी केली की भिंती आत येतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्या अलगद सुटतात. वर हायपोथॅलॅमसपाशी मात्र फणसाच्या चिकासारखी चिकट बसलेली असते. तिथे गाठ आणि मेंदू यांच्यामध्ये पांढुरका, व्रणासारखा एक थर दिसतो. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं की हा थर म्हणजे सुरक्षित सीमा, याच्यावरून सोलून काढा. प्रत्यक्षात तो थर मेंदूचाच असतो. ओढला की हायपोथॅलॅमस दुखावतो. अशा वेळी थांबायचं की ओढायचं, हे त्या दोन-तीन मिनिटांत ठरतं.

मार्कर कामाला येतो तो या निर्णयासाठी.

क्रॅनिओफॅरिंजिओमाचे दोन प्रकार आहेत. २०२१च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तर ते दोन वेगळे आजार म्हणूनच नोंदले आहेत. पहिला अडमँटिनोमॅटस. मुलांमध्ये जवळजवळ हाच, मोठ्यांमध्येही जास्त प्रमाण याचंच. त्यात कॅल्शियमचे खडे असतात, सक्शनच्या टोकाला कचकच लागतं. गाठीतल्या पाण्याच्या पिशवीत (तिला आम्ही गळू म्हणतो) काळपट तेलकट पाणी निघतं आणि त्यात कोलेस्टेरॉलचे कण चमकतात. त्याचा दोष सीटीएनएनबी१ या जनुकात असतो, त्यामुळे बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात साठतं. दुसरा पॅपिलरी, तुमच्या मिस्टरांचा. जवळजवळ फक्त मोठ्यांतच होतो. बहुधा गोल, बराचसा भरीव, खड्यांशिवाय, पिट्यूटरीच्या खळग्याच्या वर. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या प्रिसिला ब्रास्टियानोस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पॅपिलरी प्रकारात सुमारे ९५ टक्के गाठींत ब्राफ जनुकाचा एकच ठरावीक बदल असतो. ब्राफ प्रथिनातल्या ६००व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक ॲसिड येतं, आणि पेशीला ‘वाढ’ असा जो निरोप अधूनमधून जायला हवा तो अखंड जात राहतो. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरात हाच बदल आधीपासून माहीत होता, त्यावर गोळ्याही तयार होत्या.

मग त्या गोळ्या या गाठीवर देऊन बघितल्या गेल्या. सुरुवातीला एकेका रुग्णावर, मग रीतसर चाचणी. तिचे निकाल २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. ज्यांना आधी रेडिएशन मिळालेलं नव्हतं अशा १६ रुग्णांना वेमुराफेनिब आणि कोबिमेटिनिब या दोन गोळ्या एकत्र दिल्या. १५ जणांची गाठ आकसली, आणि आकसली म्हणजे थोडीथोडकी नाही, आकारमान मध्यकानं (निम्म्यांत याहून जास्त, निम्म्यांत कमी) ९१ टक्क्यांनी कमी झालं. सोळाव्या रुग्णाला दुष्परिणामांमुळे ८ दिवसांतच औषध थांबवावं लागलं होतं. ब्रेन ट्यूमरच्या चाचण्यांमध्ये असे आकडे बघायची आम्हाला सवय नाही. मी तो लेख दोनदा वाचला.

याचा ऑपरेशनशी संबंध काय, तर सर्जनला थांबायची मुभा मिळाली. २०१४च्या आधी हायपोथॅलॅमसवरचा तुकडा ठेवला तर पुढे रेडिएशन किंवा पुन्हा ऑपरेशन, एवढंच हातात होतं. आता पॅपिलरी ब्राफ पॉझिटिव्ह गाठीत ठेवलेल्या तुकड्यावर औषध चालतं. म्हणून चाळिशीच्या माणसात गोल, भरीव, खडे नसलेली गाठ दिसली की ती पॅपिलरी असेल अशी शंका धरून आम्ही काही वेळा पहिलं ऑपरेशनच आखडतं घेतो: नजरेवरचा दाब काढायचा, पुरेसा तुकडा तपासायला पाठवायचा आणि देठाला हात लावायचा नाही. मार्करमुळे सर्जरीचे निकाल सुधारले असं जे लोक म्हणतात, त्यातला खरा भाग माझ्या मते एवढाच आहे. मार्करमुळे हात सफाईदार होत नाही, पण कुठे थांबलं तर चालेल हे कळतं.

आणि पिट्यूटरीच्या आसपास ही गोष्ट नवीनही नाही. प्रोलॅक्टिनोमा, म्हणजे प्रोलॅक्टिन हे हार्मोन सोडणारी पिट्यूटरीची गाठ, घ्या. रक्तातलं प्रोलॅक्टिन हजारांत असेल तर तेवढी मोठी गाठसुद्धा कॅबरगोलिनच्या गोळीवर आकसते, बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही. तरी प्रोलॅक्टिन न बघता टेबलावर घेतलेले रुग्ण आजही येतात, याचा राग येतो. दुसरं उदाहरण जर्मिनोमाचं. बारा-चौदा वर्षांचं मूल, महिनोन्महिने तहान-लघवी जास्त, आणि एमआरआयमध्ये देठापाशी गाठ. क्रॅनिओफॅरिंजिओमात ऑपरेशनआधी डायबेटिस इन्सिपिडस थोड्याच जणांना असतो, पिट्यूटरीच्या साध्या गाठीत तर फारच क्वचित. म्हणून अशा मुलात आधी रक्तात आणि शक्य असेल तर पाठीच्या पाण्यात एएफपी आणि बीटा-एचसीजी हे दोन मार्कर तपासायचे. जर्मिनोमा निघाला तर तो केमो आणि रेडिएशननं विरघळतो, मोठ्या ऑपरेशनची गरज पडत नाही. ब्राफ हा त्याच रांगेतला ताजा मार्कर आहे.

आता ब्राफ काय सांगत नाही, तेही स्पष्ट करतो, कारण रिपोर्टवर लोक भलताच भरवसा टाकतात. ऑपरेशन चांगलं झालं की वाईट, हे तो सांगत नाही. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे कॅन्सर, असंही नाही, तुमच्या मिस्टरांची गाठ कालही ग्रेड १ होती, आजही आहे. गाठ परत येणार का, याचा अंदाज कुठलाही मार्कर खात्रीनं देत नाही. केआय-६७चा (पेशी किती वेगानं वाढतायत त्याचा) आकडा रिपोर्टमध्ये असतो, पण या गाठीत त्याच्यावरून भविष्य वाचता येत नाही. परत येणं अवलंबून असतं ते किती राहिलंय आणि पुढे काय केलं यावर.

शिवाय तपासणी कशी केली हेही बघा. ब्राफ पॉझिटिव्ह दोन पद्धतींनी येतं. व्हीई१ नावाच्या अँटिबॉडीनं स्लाइडवर रंग देऊन, किंवा पीसीआर वा सिक्वेन्सिंगनं थेट जनुक वाचून. व्हीई१ स्वस्त आणि झटपट आहे, पण या भागात ती कधीकधी फसवते. नेहमीच्या पिट्यूटरी पेशींत आणि रॅथकेज क्लेफ्ट सिस्टच्या (याच भागातला एक साधा गळू) केसाळ पेशींतही ती रंग घेऊ शकते. तुमच्या रिपोर्टमध्ये फक्त व्हीई१ असेल आणि पुढे महागड्या गोळ्यांचा विचार असेल, तर पीसीआर करून घ्या. त्यासाठी नवं ऑपरेशन लागत नाही, पॅराफिन ब्लॉक (बायोप्सीचा मेणात जपलेला तुकडा) पुरतो. ब्लॉक हॉस्पिटलकडे असतो, अर्ज करून मागा, आणि परत जमा केल्याची पावती जपून ठेवा.

इथे एक गोंधळ सोडवतो, कारण ‘पिट्यूटरीचे मार्कर’ म्हणून शोधलं की वेगळीच नावं सापडतात: पीआयटी१, टीपीआयटी, एसएफ१. ते पिट्यूटरी ॲडिनोमाचे, म्हणजे पिट्यूटरीच्या स्वतःच्या साध्या गाठीचे मार्कर. गाठ कुठल्या वंशाच्या पेशीतून आली ते सांगतात. त्यांचा उपयोग मुख्यतः पुढच्या पाळतीसाठी. उदाहरणार्थ, हार्मोन न सोडणारी पण टीपीआयटी पॉझिटिव्ह गाठ जरा आडदांड निघू शकते, म्हणून तिचा एमआरआय लवकर लवकर काढायचा. तिथे ऑपरेशनचं यश ठरवतो तो बाजूच्या कॅव्हर्नस सायनस या शिरांच्या पोकळीतला शिरकाव, जो आम्ही नॉस्प ग्रेडनं मोजतो. तुमच्या मिस्टरांच्या आजाराशी यातल्या कशाचाच संबंध नाही. आणि कुणाच्या मुलाला अडमँटिनोमॅटस गाठ असेल तर ब्राफच्या गोळ्या त्याला लागू नाहीत. त्या प्रकारावर असं थेट औषध अजून हातात नाही. टोसिलिझुमॅबसारख्या औषधांचे प्रयोग चालू आहेत, पण ते प्रयोगच.

आता तुमच्या मिस्टरांचं. दुसऱ्या ऑपरेशनची गरज मला तीन परिस्थितींत वाटेल: नजर पुन्हा उतरायला लागली, मेंदूतलं पाणी अडून डोकेदुखी-उलट्या सुरू झाल्या, किंवा गळू झपाट्यानं फुगला. यातलं काही नसताना निव्वळ फिल्म स्वच्छ करायला परत जाऊ नये. दुसऱ्यांदा उघडताना सगळं चिकटलेलं असतं. नाकाच्या पडद्याचं जे अस्तर पहिल्या वेळी झाकण म्हणून फिरवलं तेच पुन्हा उचलावं लागतं, आणि मेंदूचं पाणी नाकातून गळण्याचा धोका वाढतो. देठ अजून काम करत असेल तर तोही जाण्याची शक्यता मोठी.

राहिले रेडिएशन आणि गोळ्या. रेडिएशन जुना, खात्रीचा मार्ग आहे. साधारण ५० ते ५४ ग्रे (रेडिएशनचं माप), रोज थोडं थोडं, पाच-सहा आठवडे. गाठ बऱ्याच वर्षांसाठी थोपवली जाते. किंमत म्हणजे उरलेली पिट्यूटरी पुढच्या काही वर्षांत हळूहळू मंदावते. प्रोटॉन (रेडिएशनचाच एक प्रकार) हवं असेल तर आता टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक केंद्रातही सोय आहे, पण मोठ्या माणसात साध्या, नेमक्या फोटॉन रेडिएशनपेक्षा त्याचा फायदा फार मोठा असेल असं समजून त्यासाठी थांबून राहू नका. रेडिएशन चालू असताना गळू फुगू शकतो, म्हणून मधे एकदा एमआरआय मागा.

गोळ्यांच्या बाबतीत मोठा प्रश्न असा की थांबवल्यावर काय. त्या २०२३च्या चाचणीत दोन वर्षांनी गाठ न वाढलेल्यांचं प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे औषध बंद झाल्यावर काहींची गाठ पुन्हा डोकं वर काढते. त्यामुळे अनेक ठिकाणी क्रम असा लावतात: काही महिने गोळ्या, गाठ बारीक झाली की त्या लहानशा जागेवर रेडिएशन. मला हा क्रम पटतो, कारण लहान जागेला रेडिएशन म्हणजे हायपोथॅलॅमसला कमी मार. पण तुमच्याकडे उरलेला तुकडा मुळातच वाटाण्याएवढा असेल आणि तीन महिन्यांच्या एमआरआयमध्ये हललेला नसेल, तर नुसतं लक्ष ठेवणंही चुकीचं नाही. हे ठरवायला न्यूरोसर्जन, एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) आणि रेडिएशनचे डॉक्टर एका टेबलावर हवेत. तीन ठिकाणी तीन मतं घेत फिरण्यापेक्षा ट्यूमर बोर्ड (या डॉक्टरांची अशी एकत्र बैठक) असलेलं एक हॉस्पिटल गाठा.

गोळ्यांचं ठरलंच तर आपल्याकडे बहुधा डॅब्राफेनिब-ट्रामेटिनिब ही त्याच प्रकारची जोडी लिहिली जाते. खर्च मोठा आहे. विमा कंपनी ‘कॅन्सर नाही, मग कॅन्सरचं औषध कशाला’ असं विचारू शकते, तेव्हा ट्यूमर बोर्डाचं पत्र आणि ब्राफचा रिपोर्ट जोडा. सुरू करण्याआधी टू-डी एको, डोळ्याच्या पडद्याची तपासणी, बीपी आणि त्वचा बघून घेतात, आणि नंतरही अधूनमधून. पुरळ येतं. वेमुराफेनिब असेल तर उन्हाचा त्रास फार होतो.

आणि एक गोष्ट ऑन्कॉलॉजीच्या ओपीडीत हमखास सुटते. डॅब्राफेनिबच्या जोडीनं बऱ्याच जणांना थंडी वाजून ताप येतो. साध्या माणसाला पॅरासिटामॉल आणि औषधाला एक-दोन दिवस सुट्टी एवढं पुरतं. पण तुमच्या मिस्टरांच्या पिट्यूटरीकडून कॉर्टिसॉल बनवायचा हुकूम जात नसेल आणि ते त्याऐवजी रोज हायड्रोकॉर्टिसोन घेत असतील, तर तापात शरीराला ते जास्त लागतं आणि ग्रंथी देऊ शकत नाही. बीपी पडून माणूस बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून गोळ्यांची पहिली पट्टी फोडण्याआधी एंडोक्रिनॉलॉजिस्टकडून आजारपणातला डोस लिहून घ्या, हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन घरात ठेवा आणि ते कसं द्यायचं हे तुम्ही स्वतः शिकून घ्या. ताप आला की आधी हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, मग डॉक्टरांना फोन. उलटी होऊन गोळी बाहेर पडली तर इंजेक्शन देऊन थेट कॅज्युअल्टी.